तीन पंख्यांचं कार्ड आणि सागाची पेटी

बसा मंडळी, सरकून बसा. थोडं थोडं सरकलं की जागा होते. अहो पाटील, तो पंखा माझ्याकडे नको, वारं लागलं की माझा घसा बसतो. आमच्या पेटीवाल्या गुरवबुवांकडे वळवा, घामानं त्यांची बोटं पट्ट्यांना चिकटायला लागलीत. मागं माताभगिनी पदरानं वारा घेत बसल्यात, त्यांना सवय आहे. हं. आता कान इकडे द्या.

मी एक प्रश्न विचारतो. समोर तीन वस्तू मांडल्यात. तिन्ही आतून एकच, तसूभर फरक नाही. वरचे कपडे तेवढे वेगळे. मग निवडायचं कशावरून? आणि निवडून घरी आणल्यावर तिचं करायचं काय? पहिल्या प्रश्नात आपला जन्म जातो. दुसरा प्रश्न कुणी विचारतच नाही! तर त्या दुसऱ्या प्रश्नाची ही गोष्ट आहे.

सांगलीच्या अलीकडे खडकेवाडी नावाचं गाव. तिथं दिगंबरआप्पा पांचाळ नावाचे सुतार. वय त्रेसष्ट, कानावर पेन्सिल, कंबरेला फूटपट्टी. माणूस असा, की कुणाच्या घरी चहाला गेला तरी आधी दाराची चौकट तपासणार, मग आत पाऊल टाकणार. चौकट वाकडी दिसली की चहा गोड लागायचा नाही.

या आप्पांच्या आजोबांनी गावच्या भैरोबाचा रथ घडवलेला. पाच मजली, सगळा सागाचा. आता तो रथ थकला. चाकं झिजली, खांब पोखरले. देवस्थानच्या पंचांनी ठरवलं, नवा करायचा. आणि बाहेरची एक मोठी पार्टी आली पुढं. म्हणाली, आम्ही लोखंडाचा करतो, वरच्या मूर्ती फायबरच्या, शंभर वर्षं बघायला नको. आप्पा तडक पंचांकडं गेले. आजोबांचा रथ, आणि त्याच्या जागी लोखंड?

पंच म्हणाले, "आप्पा, तुम्हालाच द्यायचंय आम्हाला काम. पण जुना रथ वेशीच्या वळणावर दर जत्रेला अडकतो. चार तास देव उन्हात. तुमचा नवा रथ वळणार कसा, ते आधी डोळ्यांनी दाखवा. एकवीस तारखेच्या रविवारी सकाळी येतो. तोवर थांबतो, पुढं नाही."

न बांधलेला रथ दाखवायचा कसा? तर आप्पांची सून, शिवलीला. पोरगी शिकलेली, संगणकावर कपाटं, ओटे, अख्खी घरं उभी करणारी. ती म्हणाली, "आप्पा, मी रथ संगणकात घडवते. खांब न् खांब. आणि वेशीतून वळवून दाखवते. पंच म्हणतील त्या बाजूनं फिरवून दाखवते. फक्त माझ्या मशीनला ते झेपणार नाही. ग्राफिक्स कार्ड लागेल, मोठं."

आता आजोबा-मंडळी माझ्याकडं बघायला लागली, हे बुवा काय बोलतायत! घाबरू नका. संगणकाच्या पोटात एक पाटी बसते. तिचं काम एकच, चित्र काढायचं. एका सेकंदात साठ चित्रं. तुम्ही रथ फिरवा म्हणालात की पुन्हा साठ. आता इतकं राबणारा कुणीही तापणारच. म्हणून त्या पाटीवर पंखे असतात. एवढंच लक्षात ठेवा, पुढचं आख्यान कळेल.

आप्पा सांगलीला गेले. इम्तियाजभाईंचं दुकान. इम्तियाजभाईंनी तीन खोकी काउंटरवर ठेवली. "हे बघा. आतली चिप तिन्हींत तीच. एकच कंपनी ती बनवते आणि सगळ्यांना देते. हे तिघं नुसतं तिच्यावर पत्रा, पंखे, दिवे चढवतात."

"म्हणजे लाकूड एकच, पॉलिश वेगळं?" आप्पा म्हणाले.

"अगदी तसंच."

"मग किंमत वेगळी का?"

इम्तियाजभाई हसले. मंडळी, किंमत मी सांगणार नाही. सांगितली तर टाळकरी टाळ खाली ठेवतील आणि पुन्हा उचलणार नाहीत.

पहिलं कार्ड होतं काळं, दोन पंख्यांचं, साधं. आप्पांनी नाक मुरडलं. दुसऱ्यात दिवे, लाल, हिरवे, निळे, एकामागून एक पळणारे. आप्पा म्हणाले, "हे लग्नाच्या वरातीत लावा." तिसरं मात्र चंदेरी, तीन पंख्यांचं, हातभर लांब आणि विटेएवढं जड. इतकं जड की बसवल्यावर झोल येऊ नये म्हणून कंपनीनं सोबत टेकू दिलेला. टेकू बघितला आणि आप्पा विरघळले. सुताराच्या जातीला टेकूचं मोल कळतं! खिशातून गुण्या काढला, काटकोन बघायचा असतो ना तो, आणि कार्डाच्या कोपऱ्याला लावला.

"आप्पा, हे खिडकीचं दार नाही," इम्तियाजभाई म्हणाले.

"कोपरा बरोबर आहे," आप्पा म्हणाले आणि घरी निघून गेले. घेतलं नाही! दुसऱ्या दिवशी परत आले. पुन्हा तिन्ही खोकी. कुणाचे पंखे कुणापेक्षा मोठे, कुणाची वॉरंटी तीन वर्षं, कुणाची चार, कुणाच्या पत्र्याची जाडी किती. असे चार वेळा गेले. पोरीला स्थळ बघावं तसं कार्ड बघितलं. शिवलीलेला विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "कुठलंही घ्या आप्पा. तिन्ही चांगली आहेत. त्याला हवा मिळाली म्हणजे झालं." आप्पांनी मान हलवली. आपण मान हलवतो ना, समोरचा बोलतोय तेव्हा? तशी.

शेवटी चंदेरी कार्ड घरी आलं. पेढे वाटले. आणि बसवायला गेले तर काय? संगणकाच्या जुन्या डब्यात मावेना. चार बोटं लांब! जन्मभर लोकांच्या भिंती मापणारा माणूस, पण स्वतःच्या घरातला डबा मापायचा राहून गेला. इम्तियाजभाई फोनवर म्हणाले, "मोठा डबा देतो, पत्र्याचा, चारी बाजूंनी जाळीचा."

"पत्र्याचा डबा?" आप्पा म्हणाले. "सुताराच्या घरात?"

आणि बसले की कामाला! आठ दिवस. जुन्या रथाचा एक खांब निघाला होता, आजोबांच्या हातचा, त्याच्यातलं चांगलं लाकूड काढलं. त्याची पेटी केली. समोर दार, दाराला पितळी कडी, मागच्या फळीवर बारा पाकळ्यांचं कमळ कोरलं. घर म्हणजे कारखाना, सगळीकडं भुस्सा उडतोय. भुस्सा आत जाऊ नये म्हणून पेटीच्या फटीफटीत बनात, ते जाड लोकरी कापड असतं ना ते, बसवली. मुंगी जायची नाही आत. एवढ्यावर थांबतील तर ते आप्पा कसले! पोरीला कामात कुणी त्रास देऊ नये, येणाजाणाऱ्यांनी डोकावू नये, म्हणून कारखान्याच्या कोपऱ्यात तिच्यासाठी प्लायवूडची खोली केली. खिडकी नाही, भुस्सा येतो. एक दार, आणि कडी बाहेरून, कारण दार आपोआप उघडत होतं. प्रेम किती, बघा. प्रेमात कमी नव्हती मंडळी, हे लिहून ठेवा.

शिवलीला आत बसली. संगणकात रथ उभा राहायला लागला. पहिला मजला, दुसरा मजला. चाकं फिरायला लागली. रथ वेशीशी आला, वळायला लागला, आणि पडदा काळा. सगळं बंद. पुन्हा सुरू केलं. पुन्हा वेशीशी येऊन काळा.

आप्पांनी कपाळाला हात लावला. "फसवलं. कार्डच खराब." काढलं, पिशवीत घातलं, सांगली गाठली. इम्तियाजभाईंनी काउंटरवर उघड्यावर जोडलं. तासभर पळालं, एकदा अडखळलं नाही.

"कार्डाला काही झालेलं नाही, आप्पा. घरी कशात बसवलंय?"

"सागात," आप्पा म्हणाले. असे म्हणाले की इम्तियाजभाईंना पुढं विचारायचा धीर झाला नाही.

घरी आणलं, पेटीत ठेवलं, कडी लावली. वेशीशी येऊन काळा! आता आप्पांचं सुरू झालं. दिवेवालं घ्यायला पाहिजे होतं. नाही, दोन पंख्यांचं घ्यायला पाहिजे होतं. कंपनीच चुकली. आपलंच आहे हे, नाही का? घरात बिनसलं की आपण म्हणतो निवडच चुकली. नवरा चुकीचा, सून चुकीची, गाव चुकीचं, गुरू चुकीचा. कुणी काही सांगितलं की हा देव बदलतो, तो देव बदलतो. आणला त्याला ठेवलाय कुठं, ते कुणी उघडून बघत नाही.

आली एकवीस तारीख. सकाळी दहाला पाच पंच कारखान्यात हजर. मध्ये अध्यक्ष, बाबूराव खोत, मोठ्या मिशांचे. प्लायच्या खोलीत पाच माणसं कुठं मावणार? दारात गर्दी करून उभी राहिली. शिवलीलेनं रथ सुरू केला. आणि काय तो रथ! पाचही मजले, प्रत्येक खांबावर वेल, कळसावर ऊन. बाबूरावांनी मिशीवरचा हात काढला. रथ निघाला, पिंपळापाशी आला, पाराजवळून पुढं सरकला, वेशीशी आला…

काळा पडदा.

बाबूराव हळूच म्हणाले, "आप्पा, ते फायबरवाले उद्या परत येतायत." आणि वळले.

"दहा मिनिटं," आप्पा म्हणाले. "बाबूराव, दहा मिनिटं थांबा."

काय करणार होते, त्यांनाच ठाऊक नव्हतं. पुढं झाले, पितळी कडी काढली, पेटीचं दार उघडलं. आणि आतून जी गरम वाफ आली ती थेट तोंडावर. तापलेल्या सागाचा वास. आप्पांनी हात आत घातला आणि चटका बसून मागं घेतला. तिन्ही पंखे जीव तोडून फिरत होते, पण फिरून फिरून तीच गरम हवा ओढत होते. बाहेरची एक झुळूक आत येत नव्हती, आतली बाहेर जात नव्हती. कार्ड सोन्याचं असतं तरी काय करणार होतं?

आप्पा सुनेकडं वळले. "शिवलीला, तुला माहीत होतं?"

ती खाली बघत म्हणाली, "होतं, आप्पा. पडद्यावर कार्डाचं तापमान दिसतं. नव्वदच्या वर जातं आणि ते स्वतःला बंद करून घेतं."

"मग बोलली का नाहीस?"

"एकदा बोलले होते. कार्ड घ्यायच्या आधी. नंतर तुम्ही आठ दिवस कमळ कोरत होता. तुमच्या आजोबांच्या लाकडावर. कशी बोलणार?" मग थोडं थांबून म्हणाली, "आणि मलाही इथं कोंडल्यासारखं होतं, आप्पा. तेही बोलले नाही."

मंडळी, आप्पा त्या खोलीत पहिल्यांदाच थांबून उभे होते. बांधली त्यांनी, कार्ड काढायला-घालायला आले-गेले, पण आत कधी थांबले नव्हते. त्यांनी वर बघितलं, बाजूला बघितलं. सुनेच्या कपाळावरचं कुंकू घामानं ओघळलेलं बघितलं. आणि त्यांना फार लाज वाटली.

ड्रिल आणलं, मोठं गोल पातं लावलं. पेटी वळवली आणि मागच्या फळीवर, बरोबर कमळाच्या मधोमध, पातं ठेवलं.

"आप्पा, कमळ नको," शिवलीला म्हणाली. "बाजूला पाडा."

"पंख्याची जागा इथंच आहे," आप्पा म्हणाले. आणि कमळाला आरपार भोक पाडलं. बारा पाकळ्या भुश्श्यात पडल्या. मग समोरचं दार बिजागरीतून काढलं. फटीतली बनात ओढून काढली. भुस्सा झटकला. मग त्याच हातानं सुनेच्या खोलीचं दार काढलं, आणि रस्त्याकडची प्लायवूडची भिंत करवतीनं खिडकीएवढी कापली. बाहेरून सकाळचं वारं आत आलं. पाच पंच तोंड उघडं ठेवून बघत होते!

"लाव पोरी," आप्पा म्हणाले.

रथ निघाला. पिंपळ, पार, वेस. वेशीत शिरला. पुढची चाकं डावीकडं वळली, मागची त्यांच्या मागून आली. पाच मजले झुलले, पण कुठं घासलं नाही. वळण घेऊन रथ देवळासमोर उभा राहिला. बाबूराव म्हणाले, "उलट्या बाजूनं दाखव." दाखवला. "वरून दाखव." वरून दाखवला. तासभर त्यांनी रथ फिरवायला लावला, लहान पोरासारखं. आणि मग म्हणाले, "आप्पा, रथ सागाचाच होणार. फायबरवाल्यांना फोन मी करतो."

जाता जाता थांबले. "काय हो आप्पा, कार्ड कुठल्या कंपनीचं घेतलंत? आमच्या नातवाला घ्यायचंय."

आप्पा म्हणाले, "कुठलंही घ्या. घरी गेल्यावर आधी त्याच्या पाठीमागं चार बोटं जागा ठेवा."

आता मंडळी, माझ्याकडं बघू नका, एकमेकांकडं बघा. आतला तो एकच आहे. एकाकडूनच आलाय आणि सगळ्यांत बसलाय. वरचा पत्रा वेगळा. कुणाला दोन पंखे, कुणाला तीन, कुणाला नुसतेच दिवे! आपण जन्मभर पत्रा निवडतो. चार चार वेळा दुकानात जातो, गुण्या लावतो. आणि घरी आणलं, की प्रेमानं कोंडतो. देवाला देव्हाऱ्यात, सुनेला घरात, म्हाताऱ्याला मागच्या खोलीत. पितळी कडी लावतो, वर कमळ कोरतो, आणि मग विचारतो, हे चालत का नाही?

आणि मी तरी कोण मोठा? मघाशी इथं उभा राहून काय म्हणालो मी? आठवतंय का? मागं माताभगिनी पदरानं वारा घेतायत, त्यांना सवय आहे. सवय! दोन तास झाले, सभामंडपातले सगळे पंखे पुढं, आणि त्या मागं भिंतीला पाठ लावून गप्प बसल्यात. एकीनं तोंडातून शब्द काढला नाही. शिवलीलेनं तरी कुठं काढला होता? चुकलो मी. चार माणसांत सांगतो, चुकलो.

उठा पाटील. तो पंखा बायांकडं वळवा. गुरवबुवा, तुम्ही उपरण्यानं घाम पुसा, तुम्हाला काही होत नाही. आणि त्या शेवटच्या माई, हो तुम्हीच, तुमच्या पाठीमागं दार आहे, त्याची कडी काढा. जोरात ओढा, गंजलीय ती. हं. आलं का वारं? आलं?

मग आता घ्या त्याचं नाव.