बांधावरचा पासवर्ड

...हसा, हसा तुमी! उद्या आमच्या मळवलीत पोलिसाची गाडी आली, तर पयलं नाव कुनाचं? सोपानचं! आन् मी निस्ता बंगला राखतो हो!

तुमाला सांगतो, बंगला अनघाम्याडमचा. तितं म्हनं सरकारी सायबांची गुपचूप मीटिंग... देशाच्या कॉम्प्युटरांची राखण नव्यानं कशी करायची, त्याची! म्याडमचा फोन आला, "सोपान, वायफायचा पासवर्ड बदललाय. पाठ कर, कुणाला कळता कामा नये." आता बंगल्यात रेंज हाय कुटं? रेंज बांधावर! खाली बायांची भातलावणी चाललेली, फोन कटाकटा तुटतोय, मंग मी वरडतोय, "भारत? व्हय... मंग वेटोळ्यातला ए? आं? दोन का नऊ?"

मीटिंगीत मोठं सायब उभं ऱ्हायलं. "आपण नुसत्या भिंती उंच करत बसलो. आता विचारच बदलायला हवा. सुरुवात माणसापासून!" मी चहाचा ट्रे घिऊन दारात, आन् नेट गंडलं! सायबांनी पडद्यावर बघितलं, वायफायला कोन कोन जोडलंय... पप्पूचा टीव्ही, चंपाचा मोबाईल, धोंडाबाईचा मोबाईल... सायब पांढरंफटक!

"घुसखोरी! कोण ही धोंडाबाई? कुठल्या देशाची?"

म्हनलं, "वरच्या आळीची, सायब."

मी ट्रे तितंच खाली ठिवला! देशद्रोह म्हंजी जामीन बी न्हाई म्हनत्यात! बायकोला काय सांगू, पोरीच्या सासरी काय सांगू? आन् मी निस्ता बंगला राखतो हो!

पर सायब भला मानूस. खांद्यावर हात ठिवला, "घाबरू नका. तुम्हाला कुणी शिकवलंच नाही, चूक आमची." नवा पासवर्ड केला, मला सांगितलाच न्हाई. म्हनलं, सुटलो बाबा!

मंग तो दिल्लीहून येनाऱ्या सायबांना कळवायचा व्हता. सायब फोन घिऊन जिन्यात गेलं, गच्चीत गेलं, रेंज न्हाई... आन् गेलं की बांधावर! "हॅलो! भारत नाही, इंडिया! हां, आय मोठा! ऐकू येतंय का?" मी दोनी कानांत बोटं घातली, डोळं बी मिटलं. पर सायबाचा आवाज, देवा!

सांच्याला धोंडाबाई दारात हजर. "सोपाना, सायबांनी शेवटाला सात म्हनलं का आठ?"

इकडं बघितलं, तिकडं बघितलं...

म्हनलं, "आठ, मावशी. पर हळू बोल, गुपित हाय."