भाऊंची पहिली चढाई

कबड्डीचा शोध कुणी लावला हे कळत नसेल, तर आमच्या भाऊंना विचारा. भाऊ म्हणजे गंगापूर रोडचे बिल्डर. यंदा निवडणूक लढवायचं त्यांच्या मनात आहे, म्हणून विंचूरच्या कबड्डी स्पर्धेचं उद्घाटन त्यांच्याकडे होतं आणि माइक माझ्याकडे.

भाऊ म्हणाले, "क्रिकेट इंग्रजांनी आणलं. कबड्डी आपली. चक्रव्यूहात घुसलेला अभिमन्यू हा जगातला पहिला रेडर." टाळ्या पडल्या.

आता आपल्याकडे पद्धत अशी, की पाहुण्यांनी पहिली चढाई करायची, समोरच्यांनी हसत हसत हात लावून घ्यायचा आणि फोटो काढायचा. समोर उभ्या नांदगावच्या पोरांना हे सांगायचं राहूनच गेलं. कडक इस्त्रीतले भाऊ 'कबड्डी कबड्डी' करत आत शिरले, एकाच्या गुडघ्याला हात लावायला वाकले आणि अख्खा संघ त्यांच्या अंगावर पडला. ढिगाखालून भाऊंचा फक्त एक बूट दिसत होता.

त्यांना कसंबसं उभं केलं. दम खात त्यांनी पंचांकडे पाहिलं. पंच म्हणजे भाऊंच्याच संस्थेच्या शाळेतले क्रीडाशिक्षक. त्यांनी शांतपणे शिट्टी वाजवली आणि सांगितलं, "भाऊ सेफ. समोरचे सगळे बाद."

नांदगावचा कप्तान अंगावरची माती झटकत म्हणाला, "सर, त्या अभिमन्यूच्या टायमाला तुम्ही पंच पायजे होते. वाचलं असतं पोरगं."