चाचाचं बोट

मायक्रोस्कोपचं कौतुक मले नका सांगू, आधी मंगरूळपीरच्या चाचाचं बोट ऐका.

जखमेच्या मलमासाठी मी कडुनिंबाच्या अर्कातून जस्ताचे नॅनोकण बनवून राह्यलो होतो. दोनदा कण जाड निघाले. संशोधनाचे गाईड सर म्हणाले, "आता शेवटचा चान्स." नमुना मायक्रोस्कोपखाली तपासाले पाठवला आन् उरलेली पुडी खिशात घेऊन चाचाच्या जडीबुटीच्या दुकानात जाऊन बसलो.

चाचानं चिमूटभर भुकटी बोटावर चोळली. "बोटाच्या रेषांत बसली, बेटा. माहे अब्बा जस्ताचं भस्म असंच पारखत. बारीक हाये, पास!"

"असं नसते चाचा, मशीनचा रिपोर्ट लागते."

पंधरा दिवसांनी रिपोर्ट आला. कण एकदम बारीक! मी धावतच चाचाकडे गेलो.

"पंधरा दिवस? काहून रे, त्या मशीनले बोटं नाहीत का?"