डॉक्टरांचं अर्धं सांगणं

आमी पनवेलच्या खाडीकडचे, आज्यापासून मिठागरात राबणारे. बाप मीठ ओढता ओढता गेला, मी मात्र मुकादम झालो, आणि तेच नडलं. काय सांगू तुमाला, सगळं उघडं, बायकांना लघवीला जायचं तर लांब खाडीकाठच्या तिवरांच्या झाडीत जावं लागायचं, जायला वेळ, यायला वेळ. मालक बोलला, तुझ्या बायका सारख्या फिरतात रे. म्हणून मी नियम केला, जेवणाच्या सुट्टीशिवाय कुणी बांध सोडायचा नाय. सगळ्यांनी ऐकावं म्हणून पहिली माझ्याच बायकोला अडवली, पारूला. भर कामात ओरडलो, कुठं चाललीस? तेव्हापासून ती कामावर पाणीच पिईना. बाया तिला चिडवायच्या, मुकादमीणबाई, नवरा तुमचा मीठ मोजतो का मूत मोजतो?

मग तिची कूस दुखायला लागली. पनवेलच्या डॉक्टरांनी मुंबईहून फोटो काढून आणायला लावला. ती बाहेर बाकावर, मला आत बोलावून ते बोलले, लघवी तुंबून मूत्रपिंडाला सूज आलीय, पण थोडी हाय, खडाबिडा नाय. भरपूर पाणी पाजा, लघवी अडवू देऊ नका, ताप आला तर लगेच आणा, दोन महिन्यांनी परत फोटो काढू. वाढलीच तर नळी, नायतर ऑपरेशन, पण ते पुढचं.

बाहेर आलो तर पारू विचारते, काय बोलले? मी बोललो, कापायला नको बोलले. एवढंच. पुढचं सांगितलं असतं तर माझा नियम मलाच मोडावा लागला असता. ती एवढी खूश, की बाजारात बांगड्या भरून घेतल्या.

परत फोटो काढलाच नाय. पुढल्या उन्हाळ्यात ताप भरला, मुंबईला नेली, एक मूत्रपिंड काढलं तेव्हा वाचली. आणि मी गावभर बोलत फिरलो, पनवेलच्या डॉक्टरला काय कळलंच नाय. लोक त्यांच्याकडं जायचे थांबले. डॉक्टर आता हयात नायत. तेव्हा लिहून घ्या, त्यांनी बरोबर सांगितलं होतं. हे बोलल्याबिगर मला एका जागी बसवत नव्हतं.

पारू ही बघा, दारात मासळी साफ करतेय, तीही पहिल्यांदाच ऐकतेय. आत्ता तिनं विचारलं ना, पाणी पाजा बोलले होते? मी हो बोललो.

विळी तशीच ठेवून उठली ती. कुठं चाललीस, तोंडात आलं होतं माझ्या. जाऊ दे तिला.