वरातीची फियाट

पुतण्याशी मी बोलत का नाही, ते ऐका. लग्न ठरल्यावर तोच म्हणाला, "काका, नवरीला तुमच्याच फियाटमधून आणायची." आठ वर्षं पडवीत बसलेली गाडी! महिनाभर खपलो. कार्बोरेटर पेट्रोलात धुतला, पॉइंट घासले, टाकीतला गंज काढला. चालू झाली तेव्हा बायकोनं नारळ फोडला.

पावसला नवरीच्या मांडवापुढे उभी केली. पुतण्या धावत आला. "काका, आधी बंद करा, धूर येतो! हिच्यात फोटो काढू, मग आम्ही सुमोतून जाऊ."

"आणि ही?"

"पोरं ढकलतील की बाजूला."

म्हटलं, "मेल्या, नुसती फोटोला हवी होती, तर इंजिन कशाला करायला लावलंस?"

हारासकट गाडी घेऊन एकटाच रत्नागिरीला आलो. एका चढणीलासुद्धा बंद पडली नाही.