चटईवरच्या सासूबाई

अगं, परवा आमच्या घरी जे झालं ना, त्यातून मी अजून सावरले नाही. पोरगी दीड वर्षाची झाली तरी माझी कंबर दुखूनच राहिली होती, हे तर तुला माहीत आहे. शेवटी सीताबर्डीच्या फिजिओथेरपिस्ट मॅडम म्हणाल्या, पडून राहू नका, व्यायाम करा. मग मी रोज चटईवर उताणी पडून, गुडघे दुमडून कंबर वर उचलायची. सासूबाई नातीला मांडीवर घेऊन पलंगावरून बोलायच्या, "बाळंतपणानं कंबर दुखतेच वं. असं लोळून काय होते? शेक घे."

परवा ऑफिसातून आले, तर सासूबाईच माझ्या चटईवर सपाट पडलेल्या. डोळे मिटलेले. नवऱ्याला फोन लावला, "लवकर ये, आई पडल्या."

"पडली नाही मी," खालून आवाज आला. "कंबर उचलताना श्वास घ्याचा का सोडाचा, तेवढं सांग."

"सोडायचा. पण आई, तुमची कंबर कधीपासून दुखते?"

"आता ज्याले फोन लावला ना तू, तो झाला तेव्हापासून."

हातातल्या फोनमधून नवरा हॅलो-हॅलो करत होता. मी म्हटलं, "मग इतकी वर्षं बोलल्या काहून नाही?"

"मले कुठं माहीत होतं वं, हे बरं होते म्हणून? तुही कंबर बरी होऊन राहिली, तेव्हा समजलं."

फोनमधलं हॅलो-हॅलो एकदम बंद झालं.