उरलेलं अर्धं पुस्तक

नाही म्हणजे नाही. पहिला भाग ज्याने वाचला त्यालाच दुसरा मिळतो – सुनेला नाही, मुलाला नाही. हा नियम तुझ्या लग्नाच्या आधीपासूनचा आहे, सूनबाई, आणि मंडळाच्या सभेत तुझ्या सासऱ्यानेच हात वर करून तो मंजूर केलाय. विचार त्याला. बोलतो ना अजून? मग विचार.

तू पुण्याहून आलेली, तुला ठाऊक नसेल. काशीच्या रामघाटावरच्या या वाचनालयात रहस्यकथा अख्खी मिळत नाही. मी कापतो. जिथे सगळ्यांवर संशय आलेला असतो, तिथे सुरी घालतो आणि दोन पुस्तकं बांधतो – जन्मभर छापखान्यात बाइंडिंगचंच काम केलं, हात बसलेला आहे. पहिला भाग वाचायचा, या खिडकीशी यायचं, पुस्तक कसं वाटलं ते सांगायचं, खुनी कोण ते सांगायचं, मग दुसरा भाग न्यायचा. का? कारण शेवट वाचून झाल्यावर ‘मला आधीच कळलं होतं’ म्हणणारी माणसं मला चालत नाहीत. कळलं होतं ना, मग आधी बोल, तोंडावर बोल. चुकलास तर चुकलास.

आणि मतं काय देतात लोक, ऐकायचंय? हे चंद्रावरचंच घे, जे तुझा सासरा वाचतोय. चंद्रावर वस्ती, काचेचा घुमट, आत मोजकी माणसं आणि एक यंत्रमानव. म्हातारा शास्त्रज्ञ आपल्या खोलीत मेलेला, दार आतून बंद, खोलीतली हवा कुणीतरी बाहेरून काढून घेतलेली. चांगलं लिहिलंय. आनंदीबाई घेऊन गेल्या – परत आणलं, म्हणतात, एवढी माणसं तिथे राहतात, स्वयंपाक कोण करतं ते लिहिलंच नाही. हे मत. रेल्वेतले एक साहेब आहेत, ते म्हणाले शास्त्र चुकलंय, चंद्रावर वजन कमी, प्रेत धाडकन पडणार नाही, सावकाश पडेल – अरे बाबा, माणूस मेलाय आणि तू वजन बघतोस. पाठशाळेतले देवव्रत गुरुजी, एवढे वेद तोंडपाठ, त्यांनी मला विचारलं, चंद्रावर राहणाऱ्याने संकष्टीचा उपास सोडायचा कधी, चंद्रोदय कुठून बघणार? मी म्हटलं, उपाशी मरा. आणि खुनी कोण म्हटलं की सगळ्यांचं एकच – यंत्रमानव. यंत्र आहे ना, मग त्यानेच केलं. दुसरा भाग एकानेही नेला नाही. हे पुस्तक आता कुठे छापतही नाहीत, इथे ही एकच प्रत. शेवट या काशीत मी एकट्याने वाचलाय.

तुझा सासरा तसा नाही. हे त्याच्या तोंडावर नाही म्हणणार मी. युनिव्हर्सिटीत शिकवायचा, तिथून कोट घालूनच यायचा, इथे उभा राहायचा – तू उभी आहेस ना, तिथेच – आणि नाव सांगायचा. बरोबर असायचं. दर वेळी बरोबर. मीही कापायच्या आधी अर्धंच वाचतो, मनाशी एक नाव धरतो आणि मग पुढे जातो. माझं जुळत नाही. न जुळू दे, मी काही प्रोफेसर नव्हे. पण गणपतीत, भरल्या हॉलमध्ये तो म्हणाला, आमचा नीलकंठ पुस्तकं शिवतो मात्र छान, वाचायची आम्ही. सगळे हसले. तुझी सासू होती तेव्हा, तीही हसली. चौथी शिकलेल्या माणसावर हसायला काय लागतं?

त्याच्या नाकात नळी आहे, माहीत आहे मला. सिलिंडर माझ्या दारावरूनच गेलं, गल्लीत दुसरा रस्ता कुठाय? डॉक्टर आज-उद्याचं म्हणतो, तेही माहीत आहे. खोकला कमी झालाय त्याचा, हे चांगलं नाही – मुद्दाम ऐकायला कोण जातंय, तुमच्या खिडकीखालून माझी घाटाची वाट आहे. वर आलो नाही, नाही येणार. मला कुणी बोलावलं?

इथे रडायचं नाही. कागदांना ओल चालत नाही.

यज्ञेशला पाठवायचं होतंस. तुझा नवरा माझ्याशी हिंदीत भांडला असता, मी हिंदीत शिव्या दिल्या असत्या, मामला संपला असता. तू नुसती उभी राहतेस. आजारी माणसाला सूट दे म्हणतेस – कशाला? मरणाऱ्याला सूट द्यायला लागलो तर या गावात कुणाला नियम लावू? इथे अर्धं गाव मरायलाच आलेलं असतं.

काय?

नाव पाठवलंय? मग एवढा वेळ गप्प का होतीस? – सांग.

परत सांग.

मित्र. शास्त्रज्ञाचा तो जुना मित्र. हवेची कळ ज्याच्या हाती होती, तो. – कशावरून म्हणतो? नुसतं नाव चालत नाही इथे, कशावरून? – बाकी सगळे खोलीत जाऊन बसायचे आणि तो एकटाच कधी आत गेला नाही, दाराबाहेरूनच चौकशी करायचा, म्हणून? असं म्हणाला? याच शब्दांत? आणि हे मला मुद्दाम सांग म्हणाला.

हसला का सांगताना? खरं बोल. – हसलाच असणार. नळीसकट हसला असेल.

काय बघतेस? बरोबर आहे. मित्रच. शेवटून दुसऱ्या प्रकरणात कबूल करतो. मी यंत्रमानव धरला होता, त्या आनंदीबाईंसारखा. झालं समाधान?

पण हे तू त्याला सांगायचं नाहीस. घरी जायचं, उशाशी बसायचं आणि म्हणायचं, काका म्हणाले, चुकलात. एवढंच. पुढे काही विचारलं तर माहीत नाही म्हणायचं. – पाप? पाप मला शिकवतेस? या घाटावर माझे केस पिकले. इथे मरतो तो सुटतो म्हणतात, सुटू दे की, मी आड येत नाही. पण बरोबर ठरून नाही सुटायचा. जन्मभर बरोबर होता, एकदा चुकून बघू दे कसं वाटतं. पुढच्या वेळी बघून घेईन, असं म्हणायला त्याच्याकडे पुढची वेळ नाही. माझ्याकडे असायची. दर वेळी असायची.

तू खरंच सांगणार? सांग. विश्वास ठेवणार नाही तो. तुझ्यापेक्षा जास्त ओळखतो मी त्याला, छापलेलं पान डोळ्यांपुढे आल्याशिवाय तो सख्ख्या आईचं ऐकणार नाही. आणि पान माझ्याकडे आहे. पाहिजे असेल तर उठून यावं, जिना उतरावा, इथे उभं राहून माझ्याशी भांडावं. खुर्चीत घालून आणा, मला चालेल. नाहीतर मणिकर्णिकेला जाळायला नेताना याच खिडकीवरून नेतील, तेव्हा सांगेन.

हात आत घालू नकोस. ठेव ते. – हो, तेच आहे, दुसरा भाग. बांधून तयार आहे, मग? लाल कापड घातलंय, त्याला लाल पुठ्ठा लागतो – म्हणजे, लाल उरलं होतं. अक्षरंही सोनेरी उरली होती. ठेव म्हणतोय ना.

बोटं काढ, खिडकी लावतोय. जाऊन काय सांगायचं? – म्हण एकदा. मला ऐकू दे.

मोठ्याने. त्याला कमी ऐकू येतं.

हं. ‘काका म्हणाले, चुकलात.’ असंच. जा आता.